पूररेषा

सुरामीच्या हमरस्त्याला आमच्या बावीस भट्ट्या.
प्रत्येकीत एक बाई कंबरेपर्यंत आत गेलेली,
गोड नाझुकी तापल्या भिंतीवर थापताना.
भट्टी म्हणजे विटांत बसवलेला मातीचा रांजण,
काठ बरोबर बेंबीच्या खाली.
वीस-बावीस दिवस तो काठ मला लागतच नाही.
मग एका सकाळी लागतो.
कॅलेंडर कशाला बघायचं?

पोट डब्ब.
टिचकी मारली तर वाजेल.
काल दोनदा गुंडाळलेली एप्रनची नाडी
आज दीड वेढ्यात दमते.

बटुमीला निघालेला ट्रकवाला चार नाझुक्या घेतो,
पैसे देताना माझ्या पोटाकडे बघतो,
म्हणतो, मुलगा होवो.
वर एक सफरचंद, दोघांसाठी.
एक्केचाळिसावं चालू आहे मला.
आभार मानते, सफरचंद खाते.
(त्यानेही वारा धरतो. पण फुकटचं होतं.)

कित्येक वर्षं मी याला माझा खादाडपणा समजले.
त्या दिवसांत उपाशी राहायचे,
आणि रात्री, चुलीपाशी उभ्या-उभ्या,
खारं चीज बोटांनी तोडून खायचे.
सकाळी काठ आणखी जवळ.

खाशुरीच्या दवाखान्यात लामारा डॉक्टरांनी
माझ्या पिठाच्या पावतीमागे चित्र काढलं.
पाळीआधी शरीराला मीठ सोडवत नाही.
मीठ बसलं की पाणी त्याच्या शेजारी येऊन बसतं.
आणि आतडी? आपला रिकोतीचा घाट!
रस्त्याचं काम चालू, एकच लेन,
मागे हॉर्न वाजवत वारा उभा.
मी हसले. त्यांनी मला पुरतं हसू दिलं,
मग पेन खाली ठेवून म्हणाल्या,
चढतं आणि उतरतं, तोवर ठीक.
उतरेनासं झालं,
किंवा दोन घासांत पोट भरायला लागलं,
तर पुढच्या पाळीची वाट बघू नकोस. ये.

शेजारच्या भट्टीवर यंदा नुत्सा आली आहे. सतरा वर्षांची.
एप्रन असा आवळलेला
की श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागेल.
दुपारी सुलगुनीचा तिसरा तुकडा,
त्यावर बुडबुड्यांच्या पाण्याची अख्खी बाटली,
मग भट्टीत वाकली
आणि वाकलेलीच राहिली.
ते थांबणं माझ्या ओळखीचं.

मी काही बोलले नाही.
आधी मागून तिची नाडी सोडली.
थर्मासमधलं शेपूच्या बियांचं पाणी दिलं, कोमट.
चीज रात्रभर साध्या पाण्यात ठेवत जा, म्हटलं, खार उतरतो.
तिने मान हलवली, जशी पोरी हलवतात,
ऐकलं आहे की नाही ते कळू न देता.
भट्ट्या एतेरीवर सोपवून
आम्ही पुलापर्यंत चालत गेलो, सावकाश.
विजेच्या तिसऱ्या खांबापाशी
नुत्साचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.
लाजतेस काय, म्हटलं,
लेन मोकळी झाली.

पुलाच्या खांबावर पुराच्या खुणा आहेत,
कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या.
तिथे उभी राहून मी तिला माझी नाडी दाखवली,
दोन ठिकाणी लाल दोऱ्याचे टाके.
हा नेहमीचा. हा पुराचा.
नदी चढते तेव्हा कोणी नदीला
कमी खा म्हणत नाही.

चार दिवसांनी माझी पाळी आली.
पिठाच्या पोत्यात गुंडाळलेली गरम वीट पोटाशी धरून झोपले,
रात्रीत तीनदा उठले,
आणि साठवलेलं सगळं पाणी
एकदाचं परत केलं.
सकाळी नाडी पहिल्या टाक्यावर,
काठ हातभर लांब.

नुत्सा आज सुई मागायला आली होती.
लाल दोरा आहे का, म्हणाली.
संपला होता.
निळा दिला.